रोज जवळ बाळगायची रिव्हॉल्व्हर: नळी किती इंचाची, आणि ते कोणत्या क्रमाने ठरवायचं

बंदुकीच्या दुकानात गेलेला माणूस बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच बोलतो: "लहानातली दाखवा." दुकानदार काचेवर दोन-तीन ठेवतो, माणूस त्यातली सगळ्यात आखूड उचलतो, शर्टाखाली धरून आरशात बघतो आणि पैसे मोजतो. सहा महिन्यांनी तीच रिव्हॉल्व्हर कपाटात पडलेली असते. एकतर ती मोटरसायकलवर टोचते, नाहीतर दहा पावलांवरचा डबाही तिच्याने पडत नाही. माझी चूक याच्या उलट होती. वडिलांकडून चार इंची जुनी विलायती आली, ती तशीच कमरेला लावली आणि जीपमध्ये बसलो की दर वेळी होल्स्टर (रिव्हॉल्व्हरचं कमरेचं म्यान) सीटवर टेकून मूठ बरगडीत घुसायची. दोन्ही चुकांचं मूळ एकच. जे शेवटी ठरवायचं ते आम्ही आधी ठरवलं.

खालचा क्रम ज्यांच्याकडे परवाना आहे किंवा मंजुरीच्या टप्प्यावर आहे त्यांच्यासाठी आहे. परवाना कसा काढायचा हा वेगळा विषय आहे.

पायरी १: दुकानात जाण्याआधी परवाना नीट वाचा

तीन गोष्टी बघा.

पहिली, हद्द. आपल्या बेळगावच्या सीमाभागात ही सगळ्यात महत्त्वाची. परवान्यावर तो किती क्षेत्रात चालतो ते लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. फक्त कर्नाटकाचा परवाना असेल तर बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघालात की कर्नाटकातल्या बाचीपर्यंत तुम्ही कायद्यात आणि महाराष्ट्रातल्या शिनोळीत पोचलात की गुन्ह्यात. निपाणीकरांना कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला जाणं म्हणजे शेजारच्या गल्लीत जाण्यासारखं वाटतं. खानापूरवाल्यांचं चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून गोव्यात जाणं तसंच. बायकोचं माहेर महाराष्ट्रातल्या चंदगडला आणि परवाना एका राज्याचा, अशी घरं माझ्या ओळखीत चार-पाच तरी आहेत. हद्द वाढवून घ्यायची असेल तर तो अर्ज आधी करा. नसेल वाढत, तर तुमचे कोणते प्रवास हत्याराशिवाय होणार हे आत्ताच कळू द्या. नळीचा निर्णय त्याने बदलतो, कसा ते तिसऱ्या पायरीत येईल.

दुसरी, तुमच्या नावावर आधी काय आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात. शेताच्या राखणीची एकनळी नावावर असेल तर उरली एकच जागा. म्हणजे "आधी दोन इंची घेऊ, नंतर तीन इंची बघू" हा मार्ग बंद. रिव्हॉल्व्हरची नळी पाहिजे तेव्हा काढून दुसरी बसवता येत नाही, आणि विकून दुसरी घ्यायची तर सगळी कागदपत्रं पुन्हा.

तिसरी, बोअर, म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, इंचात. आपल्याकडे सर्वसामान्य परवान्यावर रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुतेक ०.३२, क्वचित ०.२२. नऊ मिलिमीटरचं काडतूस सामान्य माणसाला प्रतिबंधित आहे. इंटरनेटवरचे नळीच्या लांबीबद्दलचे सल्ले बहुतेक ०.३८ आणि ०.३५७ मॅग्नमवर बेतलेले असतात. त्या काडतुसांना नळीच्या लांबीने जो फरक पडतो तो आपल्या ०.३२ ला तितका पडत नाही.

*थांबा आणि तपासा:* हद्द, नावावरची हत्यारं, बोअर, आणि चौथी म्हणजे परवान्यावरची खरेदीची मुदत. चारही गोष्टी कागदावर लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी २: नळी मोजतात कुठून कुठपर्यंत ते समजून घ्या

रिव्हॉल्व्हरची नळी मोजताना तोंडापासून सिलिंडरच्या पुढच्या कडेपर्यंत मोजतात. काडतुसांची चक्री त्यात धरत नाहीत. पिस्तुलात मात्र काडतूस बसतं ती जागाही नळीच्या लांबीत येते. म्हणून तीन इंची रिव्हॉल्व्हर आणि तीन इंची पिस्तूल शेजारी ठेवलं तर रिव्हॉल्व्हर बरीच लांब दिसते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं दुकानदार फसवतोय.

कमरेला लागते ती एकूण लांबी. कानपूरची २०२३ साली आलेली 'प्रबल' घ्या: नळी ७६ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच, पण एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर, जवळजवळ सात इंच. वजन काडतुसं सोडून सुमारे ७०० ग्रॅम. २०१४ सालची 'निर्भीक' हीसुद्धा तीन इंचीच, पण टायटॅनियम मिश्रधातूमुळे वजन ५०० ग्रॅमच्या आसपास. नळी सारखी, वजनात सुमारे दोनशे ग्रॅमचा फरक. दिवसभर पट्ट्यावर वागवताना हे दोनशे ग्रॅम अर्ध्या इंचापेक्षा जास्त जाणवतात.

पायरी ३: आठवडाभर आपलं बसणं लिहून काढा

नळी टोचते ती बसल्यावर. उभ्या माणसाला चार इंची, अगदी पाच इंची नळीसुद्धा त्रास देत नाही. तेव्हा एक वही घ्या आणि सात दिवस लिहा: कुठे बसलो, किती वेळ, अंगावर काय होतं.

मोटरसायकलवर मांडी पुढे येते, पट्टा किंचित वर सरकतो. उजव्या कुशीवरची तीन इंची इथे सहसा निभावते. चार इंचीच्या होल्स्टरचं टोक सीटच्या कडेला घासतं आणि खड्ड्यागणिक मूठ वर उचलली जाते.

ट्रॅक्टरवरची अडचण नळीची नाही, उडण्याची आहे. तिथे लांबीपेक्षा होल्स्टरला अंगठ्याने उघडणारी पट्टी आहे की नाही ते आधी बघायचं.

चारचाकीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण परदेशी व्हिडिओ बघून इथे हमखास घोळ होतो. त्यांच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, सीटबेल्टचं बकल त्याच्या उजव्या कमरेशी येतं आणि उजव्या कुशीवरची रिव्हॉल्व्हर बकलात अडकते. म्हणून ते सांगतात, गाडी चालवणाऱ्याने पोटाच्या डाव्या बाजूला, आडव्या हाताने काढता येईल अशी लावावी. आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो. बकल डाव्या कमरेशी. तो सल्ला जसाच्या तसा उचलला तर आपण रिव्हॉल्व्हर नेमकी बकलापाशी नेऊन ठेवतो. शिवाय इथे उजव्या कुशीवरून सीटबेल्टचा खालचा भाग जातो, तोही मुठीवर येता कामा नये. आपल्या गाडीत, आपल्या सीटवर, सीटबेल्ट लावून बघितल्याशिवाय हे सुटत नाही.

दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसणाऱ्यांना, शहापूरच्या पेढीवर असोत की निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, तीन इंचसुद्धा जड जातात. खाली बसल्यावर कंबर दुमडते आणि होल्स्टर जमिनीला टेकतो. यांना एकतर आखूड नळी, नाहीतर बसल्यावर रिव्हॉल्व्हर काढून हाताशी असलेल्या कुलपाच्या खणात ठेवायची सवय लागते. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे.

आता हद्दीचा मुद्दा. राज्य ओलांडणारे प्रवास हत्याराशिवायच होणार असतील तर ते वहीतून खोडा. कितीदा असं होतं की माणूस कोल्हापूर-बेळगावच्या लांब प्रवासासाठी म्हणून आखूड नळी घेतो आणि त्या प्रवासात ती नेण्याचा त्याला परवानाच नसतो. उरतो तो घर ते मळा ते बाजार. तिथे तीन इंची आरामात चालली असती.

कपडे पण लिहा. शर्ट बाहेर सोडता की आत खोचता? धोतर किंवा लुंगी असेल तर पट्टाच नाही. जुनी माणसं बंडीच्या आतल्या खिशात ठेवायची. खिशाला शिवून बसवलेला होल्स्टर असेल तर ठीक, नुसती खिशात सोडलेली अजिबात नको.

पायरी ४: लाकडी ठोकळा करून आठ दिवस वागवा

ही पायरी सगळे गाळतात आणि इथेच पैसे वाचतात.

सुताराकडून तीन ठोकळे करून घ्या. मुठीचा आणि मधल्या चक्रीचा आकार तिन्हींत सारखा, चक्रीची जाडी साधारण साडेतीन सेंटिमीटर. पुढचा दांडा एकाला दोन इंच, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला चार. रंग देऊ नका, पॉलिश करू नका, लाकूड लाकूडच दिसू द्या. खेळण्यातली पिस्तुलं या कामाला वापरू नयेत, रस्त्यात कोणी बघितलं तर समजावत बसावं लागेल. ठोकळा हलका होतो, म्हणून वाळू भरलेली छोटी पिशवी बांधून वजन पाऊण किलोवर आणा.

घरात, मळ्यात, स्वतःच्या गाडीत एकेक ठोकळा दोन-तीन दिवस लावून रोजची कामं करा. वाका, गोठ्यात बसा, चप्पल घाला, पोराला उचला.

बहुतेकांच्या ध्यानात येणारी गोष्ट ही: शर्टातून उठून दिसते ती मूठ, आणि चक्रीचा फुगवटा. नळी नाही. नळी तर पँटच्या रेषेत खाली जाते. उलट दोन इंची ठोकळा पट्ट्यावर वरच्या बाजूला जड पडतो आणि मूठ बाहेरच्या अंगाला कलते. तीन इंची दांडा खाली मांडीला टेकून मुठीला आत दाबून धरतो. लपवायला आखूड नळीच बरी, हा समज इथेच मोडतो.

*तपासा:* आठव्या दिवशी कोणता ठोकळा कमरेला आहे हे दिवसातून काही वेळ विसरायला झालं? तो बाजूला काढून ठेवा. दोन जमले असतील तर दोन्ही.

पायरी ५: नळी लांबली की काय मिळतं, ते आपल्या अंतरावर मोजा

नेमाचा फरक पुढच्या आणि मागच्या साइटमधल्या (नेम धरायच्या खुणांमधल्या) अंतराने पडतो. एकीत ते अंतर १०० मिलिमीटर आणि दुसरीत १५० धरा. हाताच्या थरथरीने पुढची साइट एक मिलिमीटर हलली, तर १० मीटरवर पहिलीची गोळी १० सेंटिमीटर चुकते, दुसरीची साधारण पावणेसात. तेच ३ मीटरवर तीन आणि दोन सेंटिमीटर. म्हणजे खोलीच्या अंतरावर लांब नळीचा फायदा नगण्य, अंगणाच्या अंतरावर दिसणारा. आणि ट्रिगर झटकून ओढणाऱ्याची साइट एक मिलिमीटरवर थांबत नाही, चार-पाच हलते. सराव नसलेल्या माणसाच्या हातात आखूड नळी म्हणून जास्त निर्दय असते.

गोळीच्या वेगात, ०.३२ च्या कमी दाबाच्या काडतुसात, इंचाला थोडासाच फरक पडतो. निव्वळ त्यासाठी लांब नळी घेऊ नका. आवाज आणि तोंडाशी उठणारा जाळ मात्र आखूड नळीत वाढतो. हलक्या बॉडीत झटकाही.

काढताना उलट हिशोब: नळी एक इंचाने लांब तर होल्स्टरमधून हात अडीच सेंटिमीटर जास्त वर उचलावा लागतो. उभ्याने काही नाही. सीटबेल्टमध्ये बसून, कोपर दाराला लागत असताना, ते अडीच सेंटिमीटर भारी असतात.

रिकामी काडतुसं निघण्याबद्दल परदेशी सल्ला असा की दोन इंचीत बाहेर ढकलणारा दांडा आखूड असल्यामुळे टरफलं अर्धवट अडकतात, म्हणून तीन इंच घ्या. चक्री बाजूला निघणाऱ्या रिव्हॉल्व्हरला हे लागू आहे, आणि 'प्रबल' त्या जातीची. 'निर्भीक' आणि तिच्या आधीच्या कानपुरी रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडतात आणि उघडताच टरफलं आपोआप वर येतात. त्यांना हा नियम लावू नका.

पायरी ६: आता आकडा ठरवा

आमच्या भागातल्या दहापैकी सात-आठ जणांना तीन इंच. मोटरसायकल, मळा, बाजार, अधूनमधून गाडी, बाहेर सोडलेला शर्ट: हा दिवस असेल तर आणखी विचार करू नका. नवीन भारतीय बनावटीत ०.३२ ची सहज मिळणारी लांबीही साधारण हीच.

दोन इंच किंवा त्याहून आखूड कोणाला? जो दिवसातले सात-आठ तास बसून असतो, हत्यार अंगावरच ठेवणं भाग आहे आणि महिन्यातून एकदा तरी सरावाला जाणार आहे. तिन्ही अटी. सराव होणार नसेल तर आखूड नळी घेऊ नका, मग दुकानदार काहीही सांगो. ०.२२ ची 'निडर' २५० ग्रॅमची आहे, खिशात जाणवतही नाही, पण तिचं काडतूस लहान आहे हे समजून घ्या.

चार इंच घरी, मळ्यातल्या घरात आणि रानात ठेवायला उत्तम. कमरेला रोज लावायची तर उंच माणूस आणि कमी बसणं हवं. वारशाने चार इंची आली असेल तर ती मोडीत काढण्याआधी पट्ट्याच्या वरच्या बाजूला धरणारा उंच होल्स्टर लावून बघा. माझी अडचण निम्मी तिथेच सुटली.

सावधान: "नळी कापून देतो" म्हणणारा कारागीर भेटला तर तिथून निघा. परवान्याशिवाय नळी आखूड करणं शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली बंद आहे, आणि शिक्षा तुरुंगाची आहे. कापणाऱ्यालाही, कापून घेणाऱ्यालाही गोत्यात आणणारं काम. शिवाय पुढची साइट जाते आणि हत्यार निकामी होतं ते वेगळंच.

पायरी ७: होल्स्टर रिव्हॉल्व्हरसोबतच घ्या

आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. तीन इंचीसाठी शिवलेल्या होल्स्टरात चार इंची कोंबली की तोंड खालून बाहेर डोकावतं. उलट केलं तर आत पोकळी राहते आणि रिव्हॉल्व्हर खुळखुळते. म्हणून "सगळ्याला चालतो" असा होल्स्टर नको.

बघायचं ते एवढंच: ट्रिगर पूर्ण झाकला जातो का, उलटा धरून हलवला तर रिव्हॉल्व्हर पडते का (रिकामी असताना), आणि एका हाताने परत आत घालता येते का. पट्टा जाड, दुहेरी चामड्याचा घ्या. नेहमीच्या पट्ट्यावर पाऊण किलो लोंबकळलं की उत्तमातली नळीसुद्धा टोचते आणि दोष नळीला जातो.

पायरी ८: खरेदीच्या दिवशी

परवान्याच्या हद्दीबाहेरचं दुकान किंवा थेट कारखाना असेल तर आणण्याची परवानगी आधी हातात हवी.

उघडून रिकामी आहे याची स्वतः खात्री करा, दुकानदाराने आत्ताच उघडून दाखवली असली तरी. मग:

१. नळी पट्टीने मोजा आणि बिलावर, परवान्यावर चढणारा नंबर हत्यारावरच्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून बघा.
२. ट्रिगर हळू ओढून धरा आणि चक्री डावी-उजवीकडे हलवून बघा. खुळखुळत असेल तर दुसरी मागा.
३. परवानगी घेऊन खुर्चीवर बसून कमरेला लावा. उभ्याने आरशात बघू नका, ते सगळेच करतात.
४. काडतुसं घेताना "बत्तीसची" एवढंच म्हणू नका. ०.३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि ०.३२ पिस्तुलाचं वेगळं. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रीतल्या घरात (काडतूस बसतं त्या भोकात) जाईल असं वाटतं, पण ते त्यासाठी नाही. डब्यावर 'लाँग' हा शब्द वाचून घ्या.

शक्य असेल तर परवान्याच्या अर्जासाठी जे शस्त्र प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याच वेळी वेगवेगळ्या नळ्यांनी पाच-पाच गोळ्या झाडून बघण्याची विनंती करा. काही ठिकाणी ऐकतात. दुकानातल्या तासाभराच्या चर्चेपेक्षा त्या दहा-पंधरा गोळ्या जास्त सांगतात.

पायरी ९: पहिला महिना

पहिले आठ दिवस घरात, रिकामी, होल्स्टरसह. काडतुसं दुसऱ्या खोलीत. काढायचा आणि परत घालायचा सराव भिंतीकडे तोंड करून, रोज पंधरा-वीस वेळा, पैकी निम्मा खुर्चीवर बसून. आत घालताना नजर होल्स्टरवर आणि बोट ट्रिगरच्या बाहेर. घाई काढताना असते, अपघात मात्र परत घालताना होतात.

जुनी विलायती असेल आणि हॅमर (मागचा घोडा) आपटला तरी गोळी सुटणार नाही अशी व्यवस्था तिच्यात आहे की नाही हे जाणकाराकडून तपासलेलं नसेल, तर हॅमरखालचं घर रिकामं ठेवूनच वागवा. सहाची पाच होते, होऊ दे.

मूळ परवाना सोबत. निवडणूक लागली की हत्यार जमा करण्याचा हुकूम येतो, आणि बेळगावच्या सुवर्ण विधान सौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन किंवा १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव) जवळ आला की आपल्याकडे जमावबंदीचे हुकूम निघतात. त्यांत हत्यार बाळगण्यावर बंदी असू शकते. हुकूम कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या आणि ते दिवस कपाटाला कुलूप.

राहिला पाऊस. खानापूर, कणकुंबी, जांबोटीकडच्यांना हे सांगायला नको, पण बेळगाव शहरातला माणूस हमखास विसरतो. ओला चामडी होल्स्टर म्हणजे गंजाचं घर. जून ते सप्टेंबर घरी आलं की रिव्हॉल्व्हर होल्स्टरातून बाहेर, रिकामी करून कोरड्या फडक्याने पुसायची, नळीत आणि चक्रीच्या घरांत तेलाचा पातळ हात. होल्स्टर चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका, आकसतो, आणि मग तीन इंची बरोब्बर बसणारा होल्स्टर ऑगस्टमध्ये रिव्हॉल्व्हर सोडत नाही. वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, सकाळपर्यंत वाळतो.